जुना डेस्कटॉप सारखा हँग होतो: विंडोज पुन्हा टाकण्याआधी काय तपासायचं

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन, तिसऱ्या ते सहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. इंदुरात अजून कितीतरी घरांत आणि छोट्या ऑफिसांत हेच चालू आहे: टॅली, शिकवणीच्या नोट्स, फोटो, बिलं, सगळं त्यावरच. ते हँग व्हायला लागलं की मशीन सिल्व्हर मॉलमध्ये, म्हणजे इथल्या कॉम्प्युटर बाजारात, जातं. तिथे 'भैया, हँग होता है' एवढंच सांगितलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: 'विंडोज डाल देते हैं।'

गंमत अशी की त्याने खरंच फरक पडतो, पण तेवढ्यापुरता. डिस्कवरची एखादी जागा वाचता येईनाशी झाली असेल, तर डिस्क ती जागा 'संशयित' म्हणून नोंदवून ठेवते आणि तिच्यावर नव्याने काही लिहिलं गेलं की मगच राखीव जागेतला तुकडा तिच्या बदली वापरते. नवं विंडोज टाकताना अशा बऱ्याच जागांवर नवं लिखाण होतं आणि त्या बाजूला पडतात. मशीन काही आठवडे सरळ चालतं. डिस्क मात्र झिजतच असते, म्हणून तेच दुखणं परत येतं, आणि तोवर फॉरमॅटमध्ये जुना डेटाही गेलेला असतो. दोष रॅमचा किंवा एसएमपीएसचा असेल तर तेवढाही फरक पडत नाही.

म्हणून विंडोज सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या बहुतेक तपासण्या फुकट आहेत. लागतो तो एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह, एक साधा मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर.

हँग नेमका कसा होतो?

पुढच्या वेळी मशीन अडकलं की लगेच पॉवर बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा चालू-बंद होत असेल तर आतली यंत्रणा जिवंत आहे, कशाची तरी वाट बघत बसली आहे. ती वाट बहुधा डिस्कची असते. कॅबिनेटवरचा लाल किंवा नारिंगी डिस्कचा दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला असेल, माउसचा बाण हलत असेल पण काहीच उघडत नसेल, आणि एक-दोन मिनिटांनी सगळं आपोआप पुढे सरकत असेल, तर संशय डिस्कवर किंवा अपुऱ्या रॅमवर.

कॅप्स लॉकचा दिवा हलतच नाही, बाण थिजलाय, गाणं चालू असेल तर एकच तुकडा घरघरत राहिलाय, असं असेल तर मामला हार्डवेअरचा आहे: रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स. वाट बघून सुटत नाही. अशा वेळी पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरण्याला पर्याय नाही.

स्क्रीन काळी पडते पण आवाज चालू राहतो, तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि चित्र परत आलं तर दोष कुठे ते कळलं. मशीन अडकत नाही, थेट बंद होतं किंवा स्वतःच रीस्टार्ट होतं, ते लक्षण वेगळं. त्याचा शोध उष्णता आणि एसएमपीएसपासून सुरू करायचा.

फक्त माउस आणि कीबोर्ड गोठतात पण घड्याळ पुढे जातं, असंही होतं. तेव्हा दोन्ही मागच्या यूएसबी पोर्टला लावून बघा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर सैल होणं फार नेहमीचं आहे.

डेटा आधी, दुरुस्ती नंतर

मशीन जेवढं चालतंय तेवढ्यात महत्त्वाच्या फायली बाहेर काढा. आधी लहान आणि परत न मिळणाऱ्या: टॅलीचा डेटा, कागदपत्रं, पासवर्डची यादी. मग फोटो. सिनेमे वगैरे शेवटी. कॉपी करताना एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जा. याच डिस्कवर त्या दिवशी अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन, डीफ्रॅग किंवा चेकडिस्कचा (विंडोजच्या डिस्क-तपासणीचा) 'स्लॅश आर' पर्याय चालवू नका. 'स्लॅश आर' डिस्कची प्रत्येक जागा वाचून बघतो. १ टीबीच्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात आणि मरायला टेकलेली डिस्क त्या कष्टातच जाते. डिस्क फारच अडखळत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू वापरा. तो आधी सोपा भाग उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो.

विंडोजने काय लिहून ठेवलंय

स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' मिळतं. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. त्रास कधीपासून सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे काय इन्स्टॉल झालं, हे एका नजरेत कळतं.

नेमका तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. हँग झाल्याच्या वेळेच्या आधीची पाच-दहा मिनिटं बघा. क्रमांक ४१, कर्नल-पॉवर, ही नोंद सगळ्यांना सापडते आणि लोक एसएमपीएस बदलायला निघतात. तिचा अर्थ एवढाच की मशीन मागच्या वेळी रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी ती येते. कामाच्या नोंदी वेगळ्या: 'डिस्क' नावाखाली ७ म्हणजे खराब जागा, ५१ आणि १५३ म्हणजे वाचन-लेखन अडलं किंवा पुन्हा करावं लागलं, आणि 'स्टोरएएचसीआय'सारख्या डिस्क-ड्रायव्हरच्या नावाखाली १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' दिसलं तर हार्डवेअरने स्वतः तक्रार केली आहे. 'डिस्प्ले' ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. पूर्ण गोठण्याच्या वेळी एकही नोंद नसेल, तर तीही माहितीच आहे: लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे रॅम, वीज किंवा बोर्ड.

निम्मा गोंधळ संपवणारी चाचणी

वेळ नसेल तर बाकी सगळं सोडून हे एक करा. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. मशीन बंद करून प्लग काढा, हार्ड डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. बूट मेन्यूची कळ बोर्डानुसार एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप असते. इन्स्टॉल करायचं नाही, 'ट्राय' निवडायचं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा आणि दोन-तीन तास चालू द्या.

आता ना तुमचं विंडोज आहे ना तुमची डिस्क. तरीही मशीन गोठलं, तर रॅम, एसएमपीएस, उष्णता, ग्राफिक्स, बोर्ड यांच्यापैकी कोणीतरी. नाही गोठलं, तर डिस्क, तिची केबल किंवा विंडोज. या टप्प्यावर निम्मे संशयित सुटतात आणि दुकानात जाऊन नेमकं बोलता येतं.

डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. रॉ व्हॅल्यूचे आकडे तो सुरुवातीला सोळा आधाराच्या पद्धतीत दाखवतो. फंक्शन मेन्यूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन ते दशमान करून घ्या, नाहीतर १० दिसतं आणि असतात १६. बघायच्या ओळी चारच. ०५ म्हणजे बदली केलेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल लागायचा बाकी असलेल्या जागा. सी६ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या. सी७ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला डेटा.

हँग होण्याचं कारण बहुधा सी५ मध्ये असतं. घरगुती डिस्क वाचता न आलेल्या जागेवर हार मानत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. तेवढे सेकंद विंडोज हात बांधून बसतं आणि आपण बाणाकडे बघत बसतो. सी५ शून्यापेक्षा जास्त आणि आठवडाभरात वाढतोय, तर डिस्क बदला, चर्चा नको. ०५ दोन-चारवर वर्षभर स्थिर असेल तर घाई नाही, पण एकुलता डेटा त्यावर ठेवू नका. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात. घाबरायचं कारण नाही, ती त्या कंपनीची नोंदवण्याची पद्धत आहे.

फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क ठणठणीत आहे, साटा केबल (डिस्कची डेटा केबल) बदला. ही केबल बिनाक्लिपची असेल तर टेबल हलल्यावरही निसटते. क्लिपवाली घ्या आणि बोर्डावरचा दुसरा पोर्ट वापरून बघा. सी७ चा जुना आकडा कधीच कमी होत नाही, तो थांबला का तेवढंच बघायचं.

आता समजा सगळे आकडे शून्य आहेत, तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. तेव्हा शेजारचा मेमरीचा आकडा बघा. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाते आणि विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर ठेवायला लागतं. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, त्यात डिस्कचा हात तिथवर पोचायचे आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला साधारण ८०. प्रत्येक पान (रॅममधल्या सामानाचा एक तुकडा) ४ केबीचं धरलं तर सेकंदाला ३२० केबी. याला हँग म्हणतात खरं, पण यात बिघडलेलं काहीच नाही. मशीन तोकडं पडलंय. यावर औषध एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅम, हेच.

एच६१ चिपसेटच्या बोर्डावर साटाचे पोर्ट जुन्या ३ गिगाबिटच्या वेगाचे असतात, त्यामुळे एसएसडी तिथे २५०-२८० एमबी प्रतिसेकंदाच्या पुढे जात नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फायदा विखुरलेल्या वाचनात आहे आणि तो पुरेपूर मिळतो. मात्र एसएसडी काठोकाठ भरू नका, विशेषतः स्वस्तातली. १५-२० टक्के जागा मोकळी नसेल तर त्याही लिहिताना अडखळतात आणि 'नवी एसएसडी घालूनही हँग' अशी तक्रार सुरू होते.

रॅम

प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग पट्टी काढा. सोनेरी टोकांवर काळपट थर दिसेल. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलका हात फिरवा, चुरा बोर्डापासून लांब झटका, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. वाळूचा, शाई खोडायचा रबर नको, सोन्याचा मुलामा तेवढाच पातळ असतो. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश. पट्टी बसवताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटायला हव्यात. एवढ्यानेच बरीच मशिनं सुधारतात.

नाही सुधारलं तर मेमटेस्ट. जुन्या बायोसच्या बोर्डावर मेमटेस्ट८६+ घ्या. मेमटेस्ट८६ या जवळजवळ त्याच नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांना यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागतं. रात्रभर चालू ठेवा, निदान चार फेऱ्या. एक जरी लाल ओळ आली तरी नापास, 'एकच तर चूक आहे' म्हणून सोडू नका. मग एक-एक पट्टी, आणि तीच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिला तर बोर्ड. विंडोजमधली मेमरीची चाचणी घाईत ठीक, पण ती पास झाली म्हणजे रॅम निर्दोष असं नाही.

नवी किंवा सेकंडहँड पट्टी घेताना जुनी सोबत न्या. डीडीआर३ च्या बाजारात काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. दुकानदाराला प्रोसेसर कोणता ते आधी सांगा आणि बदलून मिळेल का ते विचारून घ्या. डीडीआर३एल पट्टी १.३५ आणि १.५ व्होल्ट दोन्हींवर चालते, त्यामुळे जुन्या बोर्डासाठी ती चालेल.

उष्णता आणि धूळ

माळव्याच्या रात्री गार असतील, पण मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो. प्रोसेसर नुसता बसलेला असताना खोलीपेक्षा १५ ते २५ अंश गरम असतो, म्हणजे दुपारी ५५-६५ दिसलं तर ते नैसर्गिक आहे. कामाच्या भरात ८० पर्यंत चालेल. ९० च्या वर जात असेल तर थांबा. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन तडक बंद पडतं. गोठून बसणं हे त्याचं लक्षण कमीच. उन्हाळ्यात मशीन 'गोठत' असेल, तर प्रोसेसरच्या भोवतीचे व्होल्टेजचे भाग, चिपसेट, ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएस तापत असण्याची शक्यता जास्त. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करून त्यात लॉग सुरू ठेवा. हँग झाल्यावर फाइलच्या शेवटच्या ओळी बघितल्या की शेवटच्या क्षणी तापमान किती होतं ते कागदावर येतं, अंदाज बांधावा लागत नाही.

पहिला उपाय फुकट आहे: कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. त्या कप्प्यात मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून आत जाते. भिंतीपासून वीतभर अंतर, जमिनीपासून चार बोटं वर. खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतातही नको. ओलसर हवेने धूळ चिकट होते आणि मग ती ब्लोअरनेही हलत नाही.

सफाईत बहुतेक लोक फॅनची पाती पुसून थांबतात. खरा अडथळा फॅनच्या खाली असतो. फॅन हीटसिंकपासून (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापासून) वेगळा केला की ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तोंडावर धुळीचा राखाडी नमदा बसलेला दिसतो, चिमटीने उचलला तर अखंड निघून येतो. वरून फुंकर मारल्यावर तो आणखी आत दाबला जातो. ब्लोअर वापरताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं भिरभिरलं तर बेअरिंग जातं.

हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट बदलावी लागते, जुनी तशीच ठेवून परत बसवायचं नाही. इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरच्या चार खुंट्या असतात: बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. बसवताना परत मूळ जागी फिरवायच्या आणि समोरासमोरच्या जोडीने, कर्णाच्या दिशेत, 'टक' आवाज येईपर्यंत दाबायच्या. मग बोर्डाच्या मागून बघा, चारही खुंट्यांची टोकं सारखी बाहेर आलेली हवीत. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर किंचित कलतो, पेस्ट कितीही भारी असो, तापमान मिनिटाभरात ९० ला पोचतं. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध, पसरायची गरज नाही.

एएमडीच्या एएम३, एएम४ सॉकेटवर काळजी वेगळी. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर हीटसिंकला इतका चिकटतो की सरळ ओढलं तर सॉकेट बंद असूनही पिनांसकट उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊन करा, प्लग काढा, हीटसिंक डावी-उजवीकडे थोडा फिरवून सैल करा आणि मगच उचला.

एसएमपीएस, यूपीएस आणि भिंतीतली वीज

हा भाग सगळ्यात शेवटी तपासला जातो, आणि या वयाच्या मशिनीत तो दुसऱ्या नंबरवर हवा. एसएमपीएसमधले आणि बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, म्हातारे होतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंश वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं. बंद कप्पा, चाळीस अंश, धुळीने माखलेला फॅन, यातून हिशेब करा.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. मशीन चालू असताना रिकाम्या चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये काळी सळई काळ्या वायरवर, लाल सळई पिवळ्यावर: १२ व्होल्ट, चालेल ते ११.४० ते १२.६०. लाल वायरीवर ५ व्होल्ट, ४.७५ ते ५.२५. नुसतं बसलेल्या मशिनीवर मोजून समाधान मानू नका. सेव्हन-झिपच्या टूल्समधला बेंचमार्क सुरू करा, सोबत व्हिडिओ लावा आणि मग बघा. बसल्या जागी १२.१ आणि भार येताच ११.३, तर चोर सापडला. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, ते कित्येक बोर्डांवर साफ चुकीचं असतं. मीटरवर सगळं बरोबर दिसूनही एसएमपीएस दोषी असू शकतो, कारण म्हाताऱ्या कपॅसिटरमुळे व्होल्टेजवर उठणारे बारीक तरंग साध्या मीटरला दिसत नाहीत. म्हणून शंका राहिली तर ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं हीच पक्की परीक्षा.

एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ टिकून असतात.

नवा घेताना डब्यावरचा '४५० वॉट' वाचू नका, स्टिकरवरचा १२ व्होल्टचा ॲम्पिअर वाचा. १६ ॲम्पिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट, बाकी कागदावर. खरा ४५० वॉटचा १२ व्होल्टवर ३० ॲम्पिअरच्या पुढे असतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आय३-आय५ ला दीडशे वॉटही क्वचितच लागतात, त्यामुळे मोठ्या आकड्यामागे न जाता ८० प्लसचा (कार्यक्षमतेचा) शिक्का असलेला छोटा घ्या. ऑफिसांतून निघालेल्या डेल, एचपी, लेनोवो मशिनींत बोर्डाचा कनेक्टर अनेकदा २४ पिनांचा नसतो. कॅबिनेट उघडून फोटो काढून न्या.

लाइट गेल्यावर यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होतं का? ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांत दमते. पण दोष नेहमी तिचाच नसतो. यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या साठ्यावर तग धरायचा असतो. म्हातारा एसएमपीएस तेवढाही धरत नाही. ओळखायचं असं: मशीनऐवजी यूपीएसला ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा आणि भिंतीतला स्विच बंद करा. बल्ब विझला तर यूपीएस, क्षणभर लुकलुकून जळत राहिला तर एसएमपीएस.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट सापडते: तीन पिनांचा सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. खूण सोपी. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आतले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर सगळा पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, ११५ च्या जवळपास तरंगतो. करंट अगदी कमी असतो, पण यूएसबीने जोडलेला प्रिंटर किंवा ॲम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर असेल तर केबल लावता-काढताना पोर्ट अडकणं, मशीन गोठणं होतं, आणि स्पाइक गार्डही निम्माच उपयोगाचा राहतो. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असं हवं. हे मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे.

उरलेलं, थोडक्यात

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढा, मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा आणि आठवडाभर वापरा. ब्राउझरमध्येच अडत असेल तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. पहिल्या पिढीच्या रायझनचं मशीन काम करताना नीट आणि रिकामं बसलं की गोठतं, तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' करा.

विंडोजच्या बाजूने बघायचं ते एवढंच: दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत, सी ड्राइव्ह लाल झालेला नको, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, 'रीस्टार्ट'ने होतं. सिस्टिमच्या फायली दुरुस्त करायच्या तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डीआयएसएमचा रिस्टोरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाउ, याच क्रमाने. दुसरा आपली चांगली प्रत ज्या साठ्यातून घेतो, तो साठा पहिला दुरुस्त करतो.

घड्याळ मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. त्याने हँग थांबणार नाही, पण तारीख चुकल्यामुळे वेबसाइट उघडत नाहीत आणि लोक त्यालाही हँगच म्हणतात.

एका वेळी एकच बदल करा आणि कॅबिनेटवर चिटकवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. दोन दिवसांतून एकदा हँग होणारं मशीन सहा दिवस नीट चालल्याशिवाय दोष मिटला असं धरू नका.

किती खर्च करायचा?

एसएसडी, ८ जीबीपर्यंत रॅम आणि चांगला एसएमपीएस, इथवरचा खर्च पटतो, कारण एसएसडी आणि बहुतेक वेळा एसएमपीएससुद्धा पुढच्या मशिनीत वापरता येतात. बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारचे गोल कपॅसिटर वरून फुगलेले किंवा तपकिरी ओघळ आलेले दिसले तर चांगला कारागीर ते बदलून देतो: तेवढाच मायक्रोफॅरड, तेवढा किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचा, लो ईएसआर. पण कपॅसिटर ठीक आहेत, रॅम, डिस्क, एसएमपीएस सगळं बदलून झालं आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्येही गोठतंच आहे, तर बोर्ड गेला. त्या पिढीचा सेकंडहँड बोर्ड घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं, तिथे हात आखडता घ्या. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी लागते, हेही हिशेबात धरा. फक्त ब्राउझर आणि टायपिंगपुरतं मशीन असेल तर एसएसडीवर लिनक्स मिंट टाकून ते अजून काही वर्षं निघतं.

बदललेली हार्ड डिस्क कपाटात पडू देऊ नका आणि भंगारवाल्यालाही तशीच देऊ नका, खराब डिस्कवरूनही बराच डेटा वाचता येतो. ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा, मग ती आणि जुना एसएमपीएस सकाळच्या कचरागाडीत ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात टाका.